लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, लेप जन्मतः तसा नसतो. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचा एक डोळा डावीकडे आणि एक उजवीकडे असतो, आपल्या ओळखीच्या कुठल्याही माशासारखा. उजवा डोळा नंतर, त्याच्या हयातीत, डोक्यावरून डाव्या बाजूला सरकतो. हे प्रत्येक लेपाला स्वतः करावं लागतं. आईबापांचे डोळे सरकलेले होते म्हणून पिल्लाची त्यातून सुटका होत नाही.

मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सगळीकडून येत राहतो. वर्गातली मुलं विचारतात, दांडिया बाजारातल्या जुन्या शेजारणी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणीतरी विचारतं. कुणी म्हणतं, ‘बाई, त्याला पलीकडून डोळा नसतोच का?’ कुणी म्हणतं, ‘काकू, साफ करताना बघितलं. एका अंगाला दोन डोळे आणि दुसरं अंग पांढरं, कोरं. त्याला काही रोग होता की काय?’ शेवटी बहुतेक सगळे एकाच ठिकाणी येतात: हा मासा अर्धवट आहे, बिघडलेला आहे. माझा आग्रह नेमका याच्या उलट आहे. लेप पुरता मासा आहे, आणि समुद्राच्या तळावर राहायचं ठरल्यावर मासा काय काय बदलू शकतो हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणात दिसत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांच्या घरात मासे येत नाहीत त्यांच्यासाठी आधी लेपाची ओळख. कोकणात लेप, लेपा, लेपटी अशी नावं चालतात. लांबट, पातळ, शेपटीकडे निमुळता होत जाणारा मासा. वरची बाजू मातकट तपकिरी, खालची पांढरी. पाठीचा पर आणि पोटाचा पर दोन्ही कडांनी मागपर्यंत जातात आणि शेपटीच्या पराला जोडले जातात, त्यामुळे शेपूट अशी वेगळी दिसत नाही. छातीजवळचे पर मोठ्या लेपाला नसतातच. डोळे बारीक, अगदी शेजारी शेजारी. तोंड वाकडं, आणि नाकाडाचं टोक त्याच्यावर आकड्यासारखं वळलेलं. शास्त्रात या गटाला सायनोग्लॉसस म्हणतात. गुजरातच्या किनाऱ्यावर त्यातला मोठ्या खवल्यांचा सायनोग्लॉसस अरेल बराच मिळतो. केरळ-कर्नाटकाकडे मलबारी लेप, सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस, पावसाळा सरता सरता थव्यांनी किनाऱ्याजवळ येतो; तिकडे तो वाळवूनही ठेवतात. बडोद्याला मासा बर्फातून येतो. पापलेट, सुरमई, बोंबील यांच्या शेजारी लेप पडलेला असतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. साफ करणारा डोक्याजवळ चीर देऊन वरची काळी साल शेपटीपर्यंत ओढून काढतो. म्हणजे ज्या कातडीनं त्याला आयुष्यभर लपवलं, ती आपण पहिल्यांदा काढतो आणि मग म्हणतो की हा मासा ओळखू येत नाही.

आता मुद्द्याकडे. तळावर चपटं होऊन राहायचं असेल तर माशाला दोन रस्ते आहेत. पहिला पाकटाचा. पाकट वरून खाली दबलेला आहे: पोट तळाला टेकलेलं, पाठ वर, डोळे पाठीवर दोन बाजूंना. त्याच्यात वाकडं काहीच नाही. दुसरा रस्ता लेपाचा. तो वरून दबलेला नाही, बाजूंनी दबलेला आहे आणि मग आडवा पडलेला आहे. ताटात ठेवलेलं पापलेट जसं पोटावर उभं राहत नाही, कुशीवरच पडतं, तसं. लेपाचे पूर्वज पापलेटासारखे उंच आणि बाजूंनी चपटे असावेत असं मानायला चांगला आधार आहे. अशा माशाला तळाशी विसावायचं झालं तर तो कुशीवरच विसावणार, आणि कुशीवर पडला की एक डोळा चिखलात जाणार. म्हणून तुम्ही ज्याला लेपाची पाठ समजता ती त्याची डावी कूस आहे. ज्याला पोट समजता ती उजवी कूस. खरी पाठ आणि खरं पोट म्हणजे ताटातल्या लेपाच्या दोन लांब कडा. मुलांना मी हे कागदावर चित्र काढून दाखवते, आणि एकदा हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजत जातं.

लेपाची अंडी तळाला चिकटत नाहीत, ती पाण्यात तरंगतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा काही मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक असतं. ते वरच्या पाण्यात प्लवकांमध्ये, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक जीवांमध्ये राहतं, उभं पोहतं, दोन्हीकडे सारखं दिसतं. त्याच्याकडे बघून हा पुढे लेप होणार असं अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. काही आठवडे असे जातात. अंगानं सेंटिमीटरभर झालं की त्याचं रूपांतर सुरू होतं. उजव्या डोळ्याखालच्या ऊतींमधल्या पेशी भराभर वाढतात आणि डोळ्याला वर रेटतात. कवटीची हाडं अजून कोवळी असतात, ती वाट देतात, पिळवटतात. डोळा डोक्याच्या कडेवरून पलीकडे जातो आणि डाव्या डोळ्याच्या शेजारी बसतो. याच दिवसांत पिल्लू पोहताना कलायला लागतं. आधी थोडं, मग जास्त, आणि अखेर ते तळावर उतरून उजव्या कुशीवर पडतं ते कायमचंच. डाव्या बाजूला रंग चढतो, उजवी पांढरी राहते. पाण्यात अधांतरी राहायला मदत करणारी हवेची पिशवी लेपासारख्या चपट्या माशांमध्ये पूर्ण वाढ झाल्यावर नसते. तळावर झोपून राहणाऱ्याला ती अडचणच झाली असती.

हे घडवून आणतं कोण? थायरॉइड. टॅडपोलचा बेडूक करणारं तेच संप्रेरक. इनुई आणि मिवा या जपानी संशोधकांनी 1985 साली जपानी फ्लाउंडरच्या पिल्लांवर हे दाखवलं. फ्लाउंडर हा लेपाचा चुलत नातेवाईक. पाण्यातून थायरॉइडचं संप्रेरक दिलं की पिल्लं वेळेआधीच रूपांतरित होऊन तळाला गेली. उलट ते संप्रेरक तयार होऊ न देणारं थायोयुरिया दिलं, तर पिल्लं वाढत राहिली पण उभीच पोहत राहिली, डोळे दोन्हीकडे तसेच. आपल्याकडे थायरॉइडच्या गोळ्या घेणारं माणूस घरटी एक तरी सापडतं. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, कारण त्यांच्या आईच्या गोळीचा आणि समुद्रातल्या एका पिल्लाच्या डोळ्याचा संबंध त्यांना तिथं पहिल्यांदा दिसतो.

मला स्वतःला डोळ्यापेक्षाही कानाची गोष्ट जास्त थक्क करते. डोळे सरकतात, पण तोल सांभाळणारा अंतर्कर्ण सरकत नाही. त्यातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कवटीत होत्या तशाच राहतात. मासा मात्र नव्वद अंशांत कलंडलेला असतो, म्हणजे जी नलिका आडवी होती ती आता उभी झाली. आपण चालताना डोकं हललं तरी समोरचं दृश्य स्थिर दिसतं, कारण कानाकडून संदेश जातो आणि डोळे तितकेच उलट वळतात. लेपाच्या भाऊबंदांमध्ये ही जोडणी जुनीच राहिली असती तर मान वर उचलली की डोळे भलत्याच दिशेला वळले असते. 1980 च्या दशकात वेर्नर ग्राफ आणि रॉबर्ट बेकर यांनी विंटर फ्लाउंडरच्या मेंदूत ही जोडणी तपासली. रूपांतरानंतर कानाकडून डोळ्यांच्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतूंचे मार्ग वेगळेच जोडलेले त्यांना आढळले: आडव्या नलिकेचा संदेश आता डोळे वर-खाली फिरवणाऱ्या स्नायूंपर्यंत जात होता. म्हणजे चेहराच तेवढा बदलला असं नाही. जग कोणत्या बाजूनं वर आहे याचा आतला हिशेबही मासा नव्यानं मांडतो. ज्यांना लेप बिघडलेला वाटतो त्यांना मी हे आवर्जून सांगते.

या डोळ्यावरून एकेकाळी मोठा वाद झाला होता. 1871 साली सेंट जॉर्ज मिव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी डार्विनच्या नैसर्गिक निवडीला अडवायला हाच मासा पुढे केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डोळा पूर्ण पलीकडे गेला तर फायदा आहे हे मान्य, पण पिढ्यान्‌पिढ्या तो थोडा थोडा सरकत गेला असं म्हणायचं असेल तर वाटेवर अर्ध्यात असलेल्या डोळ्याचा त्या माशाला काय उपयोग? तो अजून चिखलातच असणार. प्रश्न चांगला आहे, माझे हुशार विद्यार्थी हाच विचारतात. डार्विननं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या पुस्तकाच्या 1872 च्या सहाव्या आवृत्तीत त्याला उत्तर दिलं. त्यात त्यानं स्वीडनच्या माल्म यांचं निरीक्षण दिलं आहे: कोवळं पिल्लू उभं राहून थकतं, कुशीवर पडतं आणि खालचा डोळा वर वळवायची धडपड करतं, एकदा तर त्यांनी एका पिल्लाला तो डोळा सुमारे सत्तर अंशांतून फिरवताना पाहिलं. सवयीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो हा त्या उत्तरातला भाग आज टिकत नाही. पण कोवळ्या माशाकडे बघा, उत्तर तिथं आहे, ही त्याची दिशा बरोबर होती.

अर्ध्या वाटेवरचा मासा मात्र खडकात सापडला. उत्तर इटलीतलं मोन्ते बोल्का हे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या माशांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध ठिकाण. तिथले अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टीस हे मासे 2008 साली मॅट फ्रीडमन यांनी बारकाईनं तपासले. पूर्ण वाढलेल्या माशाचा एक डोळा वर सरकलेला, पण कडा न ओलांडलेला. म्हणजे अर्धवट सरकलेला डोळा घेऊन हे मासे मोठे झाले, जगले. यातले काही नमुने युरोपातल्या संग्रहालयांमध्ये फार पूर्वीपासून पडून होते, हे मला विशेष आवडतं. बघणारा यायचा होता.

आणि फार लांब कशाला, आपल्याच समुद्रात त्या वाटेची खूण आहे. भाकस नावाचा मासा तुम्ही पाहिला असेल, शास्त्रात सेटोडीस. तोंड मोठं, दात तीक्ष्ण, अंग जाड. त्याचा वरचा डोळा पलीकडे पूर्ण पोचलेलाच नसतो, डोक्याच्या कडेवर बसलेला असतो. लेपाची डावी बाजू वर हे ठरलेलं. भाकसात काहींची डावी वर तर काहींची उजवी, जवळजवळ सारख्या प्रमाणात. आज जगभर चपट्या माशांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांच्यात भाकस सगळ्यात जुन्या वळणाचा मानला जातो. बाजारात लेप आणि भाकस शेजारी शेजारी दिसले तर दोन मिनिटं थांबून बघा.

‘पण तो खाली करतो काय?’ हा दुसरा प्रश्न, आणि याचं उत्तर द्यायला मला बडोद्याजवळ चांगली जागा आहे. आपल्याकडची बरीच मंडळी कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला जातात. भरती आली की पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा दिसते, दिवसातून दोनदा. ते बघून परतताना एकदा महादेवाकडे पाठ करून समुद्राकडे बघा. पाणी निळं नाही, चहाच्या रंगाचं आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 10 मीटरहून जास्त जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी चढतं आणि उतरतं. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी या नद्या गाळ आणून ओततात आणि भरतीचं पाणी तो खाली बसू देत नाही. लेपाच्या जाती अशाच चिखलाच्या आणि बारीक वाळूच्या तळावर राहतात, किनाऱ्यालगत, काही तर खाडीच्या तोंडातही शिरतात.

तिथं लेप पडून असतो. कडेचे पर हलवून अंगावर माती उडवून घेतो, की वर फक्त डोळे राहतात. पण या गढुळात डोळ्यांना कितीसं दिसणार? म्हणूनच त्याचे डोळे बारीक आहेत. स्वच्छ, उथळ पाण्यातल्या फ्लाउंडरचे डोळे बघा, मोठे आणि उठावदार, वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. ते बघून शिकार करतात. लेप आणि त्याचे चपटे नातेवाईक असलेले सोल गटातले मासे वासावर आणि स्पर्शावर जास्त भिस्त ठेवतात, त्यातले बरेच रात्री हिंडतात. तळाला टेकलेल्या बाजूचा जबडा अधिक कामाचा असतो. लेपाचे दात मुख्यतः त्याच, म्हणजे आंधळ्या बाजूला असतात. चिखलातले पॉलिकीट नावाचे किडे, लहान कोलंबीच्या जातीचे जीव, बारीक शिंपले हे त्याचं खाणं. तोंड वाकडं का, या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. जेवण खाली आहे. माझ्या मते लेपाचे डोळे मुख्यतः वरून येणाऱ्या सावलीसाठी आहेत, ताटात काय आहे ते बघण्यासाठी नाहीत.

लपण्यात मात्र फ्लाउंडरचा हात कुणी धरू शकत नाही. तळ जसा असेल तसा रंग आणि ठिपके ते अंगावर आणतात. फ्रान्सिस समनर यांनी 1911 साली असे मासे बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांवर ठेवून पाहिले होते. डोळ्यांनी तळ दिसला तरच रंग जुळतो हेही त्यातून कळलं. 1996 साली व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या एका फ्लाउंडरवर मोजलं, तर हा बदल 2 ते 8 सेकंदांत होत होता. आपला लेप इतका झरझर वेष पालटत नाही. त्याची तपकिरी डावी कूस चिखलासाठी तयारच आहे आणि बाकीचं काम चिखल करतो.

मुलांना घेऊन मी कमाटीबागेतल्या संग्रहालयात जाते ते लेपासाठीच, जरी तिथं बघायचा असतो तो देवमासा. सुमारे 22 मीटर लांबीचा हा निळ्या देवमाशाचा सांगाडा; 1940 च्या दशकात महीच्या मुखाजवळ वाहून आलेला. मुलं मान वर करून बघत राहतात. मग मी त्यांना पाठीच्या कण्याकडे बघायला सांगते. देवमासा सस्तन प्राणी, त्याचा कणा वर-खाली वाकतो, धावणाऱ्या कुत्र्याचा वाकतो तसाच, म्हणून त्याची शेपटी आडवी असते. लेपही पोहताना वर-खाली लाटा काढत जातो. दोघांची चाल दिसायला एकच. पण लेपाचा कणा खरं तर डावीकडे-उजवीकडेच वाकत असतो, प्रत्येक माशाचा वाकतो तसा. तो आडवा पडला आहे म्हणून आपल्याला ते वर-खाली दिसतं. जमिनीवरून पाण्यात परत गेलेला एक जीव आणि पाण्यातच आडवा झालेला दुसरा, त्या एका सांगाड्याखाली उभं राहून दोन्ही समजावता येतात. बडोद्याची मुलं यात भाग्यवान आहेत.

बडोद्याचा समुद्राशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी हेही सांगते की या संस्थानाला समुद्रकिनारा होता. ओखामंडळ आणि कोडीनार गायकवाडांच्या राज्यात होते. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल यांनी ओखामंडळच्या समुद्री प्राण्यांची पाहणी केली आणि बडोदा सरकारसाठी तयार झालेला तो अहवाल 1909 आणि 1916 असा दोन भागांत छापला गेला. सुरसागरच्या काठी बसलेल्या राज्याला ओहोटीच्या खडकांवर काय जगतं हे जाणून घ्यावंसं वाटलं, त्यासाठी त्यानं पैसे खर्च केले. मला या शहराचा याबद्दल अभिमान आहे.

आजचा संबंध तर याहून जवळचा आहे. विश्वामित्री पावागढावर उगम पावते, बडोद्याच्या मधून वाहते, ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. आपण जे नदीत सोडतो ते लेपाच्या अंगणात जातं. शिवाय बडोद्याच्या परिसरातल्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा 50 किलोमीटरहून लांब कालवा 1980 च्या दशकापासून जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी रिकामा होतो. समुद्र मोठा आहे, सगळं वाहून जातं, असं आपल्याला वाटतं. वाहून जातं ते पाणी. जड धातूंसारख्या गोष्टी बारीक गाळाच्या कणांना चिकटतात आणि गाळाबरोबर खाली बसतात. वरच्या पाण्यात पोहणारा बांगडा त्या गाळाला शिवत नाही. लेप त्यावर निजतो, त्यातलेच किडे खातो, त्यातच अंग पुरून घेतो. म्हणून एखाद्या किनाऱ्याचा तळ कसा आहे हे तपासायचं असेल तर जगभर चपटे मासे तपासले जातात.

दुसरं संकट ओढत्या जाळ्यांचं. ट्रॉलरचं जाळं तळावरून फरफटत जातं, त्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना जड फळ्या असतात, त्या चिखल नांगरत जातात. लेप बऱ्याचदा कोलंबीसाठी टाकलेल्या जाळ्यातच सापडतो. त्यातले लहान लेप बाजारातही येत नाहीत. खत किंवा कोंबडीखाद्य करणाऱ्यांकडे जातात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना बंदी असते, केंद्राच्या नियमाप्रमाणे 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ती पाळली गेलीच पाहिजे, आणि माझ्या मते तळ नांगरणाऱ्या जाळ्यांसाठी ती याहून लांब असायला हवी. लेपाला दोन ठिकाणं शाबूत लागतात: पिल्लू असताना वरचं पाणी आणि नंतर तळ. एक बिघडलं तरी दुसऱ्याचा उपयोग नाही.

पाण्याच्या उष्णतेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. चीनच्या किनाऱ्यावर लेपाचा एक जवळचा भाऊ आहे, सायनोग्लॉसस सेमिलेव्हिस, त्याची तिकडे शेतीही करतात. त्याच्या माद्या नरांपेक्षा खूप मोठ्या होतात. 2014 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. या माशात जनुकांनी मादी असलेलं पिल्लू नर म्हणून वाढू शकतं, आणि पाणी तापलं की असं होण्याचं प्रमाण बरंच वाढतं. शिवाय अशा नरांच्या संततीतही ही ओढ पुढे उतरते. तापणाऱ्या समुद्रात कोणत्या जातीचं काय होईल याचा विचार करताना ही एकच जात पुरेशी नाही, पण ती नजरेआड करण्यासारखीही नाही.

राहता राहिला एक प्रश्न, तो साधारण आठवी-नववीतली मुलं विचारतात: ‘बाई, उलटा लेप असतो का?’ असतो, पण क्वचित. ओळखायची रीत सोपी आहे. साल काढण्यापूर्वी लेप काळी बाजू वर करून ठेवा आणि तोंडाची वाकडी फट तुमच्याकडे येईल असा फिरवा. डोकं तुमच्या डाव्या हाताला आलं तर तो नेहमीचा लेप. उजव्या हाताला आलं तर आधी बघा की तो मुळात लेपच आहे का, कारण खऱ्या सोल माशांचे डोळे उजव्या बाजूला असतात आणि त्यांचं डोकं उजवीकडेच येणार. त्यांच्या नाकाडाला तसा आकडा नसतो, शिवाय अंग लेपापेक्षा रुंद. आकडाही आहे, अंगही लांबट निमुळतं आहे आणि डोकं उजवीकडे आहे, असा मासा मिळाला तर कृपा करून तो तव्यावर टाकू नका. बर्फात ठेवा, कुठून आला ते विक्रेत्याला विचारून लिहून ठेवा आणि मला फोन करा. रात्री उशिरा केलात तरी चालेल.